विकलं कुणी, घेतलं कुणी?

रोज संध्याकाळी एफआयआय-डीआयआयचे, म्हणजे परदेशी आणि देशी संस्थांच्या खरेदी-विक्रीचे, आकडे येतात आणि त्यावरून उद्याचा निफ्टी सांगणारे पुढे सरसावतात. मीही ते आकडे वर्षानुवर्षं बघते, पण उद्याचा भाव ओळखायला नव्हे. मोठ्या संस्थेने काय केलं ते आकडा सांगतो, का केलं ते आपल्याला शोधावं लागतं.

१. विक्री दिसली की घेणारा कोण ते बघावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी संस्थांनी सुमारे ९४ हजार कोटींचे शेअर विकले. देशी संस्थांनी त्याहून जास्त घेतले. तरी निफ्टी सहा टक्क्यांच्या आसपास घसरला. कारण म्युच्युअल फंडाकडे एसआयपीचा पैसा दरमहा येतो, त्याला थांबता येतं. घाई विकणाऱ्याला असते, आणि भाव पडतो तो त्या घाईने.

२. विकलं म्हणजे देश सोडला, असं नाही. २०२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी शेअर बाजारात सुमारे १.२१ लाख कोटींची विक्री केली आणि जवळजवळ तेवढीच रक्कम आयपीओ वगैरेंतून प्राथमिक बाजारात घातली. एनएसडीएल या डिपॉझिटरीच्या नोंदीत हे स्पष्ट दिसतं. फार थोडे लोक तिथवर जातात.

३. निर्देशांकाच्या फेररचनेत शेअरचा भारांक वाढवला की त्या निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या पॅसिव्ह फंडाला तो घ्यावाच लागतो. त्या खरेदीत कंपनीबद्दलचं मत शोधू नये.

४. दिसणारी खरेदी ही एकच बाजू असू शकते. जेन स्ट्रीट या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीवरच्या जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात सेबीचा आरोप असा: सकाळी बँक निफ्टीतले शेअर घ्यायचे आणि ऑप्शन्समध्ये त्याहून कितीतरी मोठी उलटी पोझिशन ठेवायची. कंपनीने आरोप नाकारले आहेत. पण अशा तेजीला भुलून कॉल घेणाऱ्या लहान माणसाचा विचार आला की मला आजही चीड येते.

५. मार्च २०२० मध्ये परदेशी संस्थांनी सुमारे ६२ हजार कोटींचे शेअर विकले. २३ मार्चला सेन्सेक्स २५,९८१ वर बंद झाला. वर्षअखेरीस तो ४७,७५१ वर होता. फंडाला पैसे परत मागणारे असतात, तेव्हा त्याला मिळेल त्या भावात विकावं लागतं. ती सक्ती आपल्यावर नसते.

६. मी रोजच्या आकड्यापेक्षा तिमाही शेअरहोल्डिंग पॅटर्नला जास्त किंमत देते. एखाद्या फंडाचा हिस्सा सलग तीन-चार तिमाह्या वाढत असेल, तर त्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडते आणि आधी कर्जाचं पान वाचते.