कल्पनेतील यान आणि तर्काची शिस्त

विज्ञानकथेतील कल्पनेलाही तर्काची शिस्त लागते. दृश्य माध्यमातील तिचे उदाहरण म्हणून मॅट जेफरीज (१९२१–२००३) यांचे काम पाहा. दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानांवर काम केलेले हे वैमानिक १९६६ च्या ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेचे कलादिग्दर्शक झाले. निर्माते जीन रॉडेनबेरी यांनी त्यांना यान कसे नसावे, एवढेच सांगितले : अग्निबाण नको, पंख नकोत, ज्वाळा नकोत. या नकारांतून ‘एंटरप्राइज’ घडले. प्रचंड शक्तीची इंजिने माणसांजवळ असणे धोक्याचे, म्हणून ती मुख्य भागापासून दूर, खांबांवर बसवली. दुरुस्ती आतूनच व्हावी, म्हणून बाह्यांग गुळगुळीत ठेवले. यानाचा क्रमांक १७०१ ठरला; कारण इंग्रजी लिपीतील ३, ६, ८, ९ हे अंक पडद्यावर एकमेकांसारखे दिसतात. मालिकेत ही कारणे कोणी समजावून सांगत नाही, तरी यान खरे वाटते. ते का, याचा तुम्ही विचार करा.

पुढे ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’साठी त्यांनी एकोणिसाव्या शतकातील लाकडी घरे उभारली. यानातील दुरुस्तीच्या अरुंद भुयाराला मात्र सहकाऱ्यांनी गमतीने ‘जेफरीज ट्यूब’ म्हटले, आणि पुढील मालिकांच्या संवादांतही तेच नाव आले.