डेटाबेस सर्व्हर ठप्प कसा होतो? 'स्लॅमर'चा धडा

बँकेची खाती, रेल्वेचे आरक्षण, परीक्षांचे निकाल ही माहिती साठवून मागेल त्यास पुरविणारी संगणक-यंत्रणा म्हणजे डेटाबेस सर्व्हर होय. माहिती चोरीस जाण्याचा धोका सर्वांना ठाऊक असतो. परंतु माहिती जागेवर शाबूत असूनही ती गरजूंना मिळू न देणे, हाही हल्ल्याचाच प्रकार आहे. त्यास आपण सेवा-अवरोध म्हणू.

मायक्रोसॉफ्टच्या 'एस.क्यू.एल. सर्व्हर २०००' मधील दोन उणिवा पाहा.

पहिली : यूडीपी पोर्ट १४३४ वर विशिष्ट एका बाइटचा संदेश आला की सर्व्हर तसाच संदेश उलट पाठवी. प्रेषक म्हणून दुसऱ्याच सर्व्हरचा खोटा पत्ता घातला, की दोन्ही सर्व्हर एकमेकांना अखंड उत्तरे देत बसत. खऱ्या कामाला ताकद उरत नसे.

दुसरी : आलेल्या संदेशाची लांबी न तपासता तो मेमरीतील ठरावीक जागेत भरला जाई. मापाबाहेरचा भाग शेजारच्या जागेवर सांडे आणि हल्लेखोराच्या आज्ञा चालू लागत.

डेव्हिड लिचफिल्ड यांनी या उणिवा शोधल्या. २४ जुलै २००२ रोजी कंपनीने दुरुस्ती उपलब्ध करून दिली. तरीही २५ जानेवारी २००३ रोजी दुसऱ्या उणिवेतून 'स्लॅमर' हा अवघ्या ३७६ बाइटचा वर्म शिरला. दहा मिनिटांत बहुतेक सर्व असुरक्षित सर्व्हर बाधित झाले. त्यांची संख्या किमान ७५,००० होती. त्याने काही पुसले नाही, चोरले नाही. फक्त स्वतःच्या प्रती पाठवून वाहिन्या तुंबविल्या. दक्षिण कोरियात इंटरनेट कोलमडले. अमेरिकेत एका मोठ्या बँकेची एटीएम अडली. ओहायोतील डेव्हिस-बेस अणुवीज केंद्रात सुरक्षेची स्थिती दाखविणारी संगणक-यंत्रणा सुमारे पाच तास बंद पडली. सुदैवाने केंद्र तेव्हा चालू नव्हते.

औषध सहा महिने आधीच हाती होते, हे विशेष. ते घेतले गेले नाही, कारण अनेकांच्या संगणकात हा सर्व्हर दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर आला होता व त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

यातून तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात :
(१) आपल्या संगणकावर काय काय चालू आहे, याची यादी ठेवावी.
(२) दुरुस्ती येताच ती तपासून बसवावी.
(३) डेटाबेसचे दार बाहेरच्या जगाला विनाकारण उघडे ठेवू नये.

आणि उद्या तुम्ही स्वतः प्रोग्राम लिहाल, तेव्हा आलेल्या माहितीची लांबी आधी मोजा. तेवढ्या एका तपासणीअभावी हे सारे घडले.