स्वल्पविराम राहिला, शब्द गेला

पुण्यात नारायण पेठेतल्या एका खोलीत मी गेली 19 वर्षं डीटीपीचं काम करते. जुलै ते ऑक्टोबर हे आमचे हातघाईचे महिने, कारण तेव्हा दिवाळी अंक जुळत असतात. चार वर्षांपूर्वी नेमका त्याच दिवसांत माझा माउस बिघडू लागला. एकदा क्लिक केलं तरी मधूनच डबल क्लिक व्हायचं. ओढून नेत असलेली चौकट अर्ध्या वाटेत सुटायची. मी बोट जरा जोरात दाबायला लागले आणि काम पुढे रेटलं.

एका कवितेच्या प्रुफावर एका शब्दापुढे स्वल्पविराम घालायची खूण होती. शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवायला मी क्लिक केलं. ते डबल क्लिक झालं, अख्खा शब्द निवडला गेला, आणि मी स्वल्पविराम टाइप करताच शब्द पुसला जाऊन त्याच्या जागी फक्त स्वल्पविराम उरला. तपासताना माझी नजर स्वल्पविराम शोधत होती. तो दिसला, म्हणून फॉर्म छपाईला गेला. अंक बाहेर पडल्यावर कवींचा फोन आला, ‘ताई, दुसऱ्या कडव्यातला एक शब्द गेलाय हो.’ ते रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागलं. दिवाळी अंक वर्षातून एकदा निघतो. दुरुस्ती छापायची तरी वर्ष थांबावं लागतं.

माउसच्या बटणाखाली एक बारीक स्विच असतो आणि त्यात धातूची पातळ पट्टी असते. लाखो वेळा दाबून ती झिजते, तिच्या टोकांवर गंज धरतो, आणि एका दाबात तिचा संपर्क तुटून पुन्हा जुळतो. कॉम्प्युटर त्याला दोन क्लिक समजतो. हे आपोआप बरं होत नाही, वाढतच जातं. म्हणून क्लिक पहिल्यांदा चुकलं त्याच आठवड्यात माउस बदला. बिघडलेल्या वस्तूची उणीव हात भरून काढत राहतो, आणि म्हणूनच बिघाड आपल्या उशिरा ध्यानात येतो.

दुसरी चूक मी बदलताना केली. घाईत समोर दिसला तो लॅपटॉपसाठीचा छोटा वायरलेस माउस उचलला. तळहाताला टेकायला जागा नव्हती, म्हणून दिवसभर तो मी बोटांच्या चिमटीत धरत होते. त्याचा कर्सरही पळत सुटायचा. जुना माउस 800 डीपीआयचा, हा 1600 चा. म्हणजे हात तेवढाच हलवला तरी कर्सर दुप्पट अंतर जायचा. त्याला अचूक जागी थांबवायला मी मनगट आवळून धरू लागले. दोन महिन्यांत रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग यायला लागली. करंगळीला मात्र काही नव्हतं. डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं आणि सांगितलं, की मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी नस दाबली जाते आहे. ही नस करंगळीकडे जात नाही. रात्री मनगटाला पट्टा आणि दिवसा कामाची पद्धत बदलायची, असं ठरलं.

मग मी एकेक साधन वापरून पाहिलं. उभ्या माउसवर हात हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा राहतो, कोपरापासूनचा पीळ सुटतो. पण पहिले आठ दिवस मला ओळीच्या टोकावर कर्सर ठेवता येईना. अंगठ्याने फिरवायच्या ट्रॅकबॉलने मनगट शांत झालं, तर अंगठाच दुखू लागला. मोठ्या गोळ्याचा, बोटांनी फिरवायचा ट्रॅकबॉल मानवला. तो जागचा हलत नाही, म्हणून टेबलावर जागाही कमी लागते. टचपॅड वाचनाला बरा, पण मजकुराची चौकट ओढून नेताना बोट घसरतं.

यातलं कोणतंही साधन पहिल्या दिवशी निकालात काढू नका. डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी 1964 मध्ये कॅलिफोर्नियात पहिला माउस बनवला, लाकडी पेटीचा, खाली दोन चाकं असलेला. त्यांच्या चमूने पुढे त्याची लाइट पेन, जॉयस्टिक, एवढंच काय, गुडघ्याने चालवायच्या साधनाशीही तुलना केली. नवख्यांना लाइट पेन आणि गुडघ्याचं साधन सोपं गेलं. सराव झालेल्यांच्या हाती मात्र माउस सरस ठरला. सवयीआधीचा निकाल आणि सवयीनंतरचा निकाल वेगळा असतो, हे तेव्हाच दिसलं होतं. मीही उभ्या माउसला पंधरा दिवस दिले नसते, तर तो परत केला असता.

म्हणून माझं सांगणं असं. साधन बदलायचं ते काम कमी असताना. मी आता मे महिन्यात बदलते. जुना चालू माउस शेजारी जोडून ठेवा. एका कॉम्प्युटरला दोन्ही एकदम चालतात, त्यामुळे तातडीचं काम अडत नाही. पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत कर्सर न्यायला जुन्यावर हात किती सेंटिमीटर सरकतो ते पट्टीने मोजा आणि नव्याचा वेग त्याला जुळवून घ्या. विकत घेण्यापूर्वी दुकानात हात ठेवून पाहा. तळवा टेकला पाहिजे आणि बोटं सैल राहिली पाहिजेत. टेबल कोपराच्या उंचीवर असू द्या. कॉपी, पेस्ट, सेव्ह ही कामं कीबोर्डवरूनच करा. प्रुफं वाचताना मी ट्रॅकबॉल डाव्या हाताने चालवते, म्हणजे उजव्याला तेवढाच विसावा. मुंग्या येत असतील, रात्री जाग येत असेल, तर साधनं बदलत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जा.

पुढच्या वर्षीच्या अंकात ती कविता संपादकांनी पुन्हा पूर्ण छापली. जुळवली मीच. आता स्वल्पविरामाची खूण आली, की मी स्वल्पविराम शोधत नाही. आधी त्याच्या मागचा शब्द वाचते.