टिपणापासून प्रकाशनापर्यंत : मार्कडाउन एडिटरची निवड

लोकशाही राज्यव्यवस्थेत निर्णयाइतकेच महत्त्व निर्णयाच्या नोंदीला असते. ग्रामसभेतील चर्चा, शाळा व्यवस्थापन समितीच्या सूचना, नळपाणीपुरवठा योजनेच्या पाहणीत आढळलेले दोष या गोष्टी वेळच्या वेळी टिपून ठेवल्या नाहीत, तर पुढच्या बैठकीत तोच विषय पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षाकाठी ग्रामसभेच्या किमान चार बैठका घ्याव्या लागतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याची आणि ठरावीक माहिती नागरिकांनी मागण्यापूर्वीच प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली आहे. ही माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार व्हावा, असेही त्या कलमात नमूद आहे.

नोंद ठेवणे आणि ती लोकांपुढे मांडणे ही एकाच कामाची दोन अंगे होत. प्रत्यक्षात मात्र ती अनेकदा वेगळी पडतात. टिपण वहीत, मसुदा एका फाइलमध्ये, सूचनाफलकासाठी निराळी प्रत आणि संकेतस्थळासाठी पुन्हा नव्याने टंकलेखन, असे चार वेळा लिहिणे झाले की चुकांनाही चार वाटा मिळतात. शिवाय काही वर्षांनी ती फाइल उघडलीच नाही, तर केलेले सारे श्रम वाया जातात. या दोन्ही अडचणींवर उपाय म्हणून ‘मार्कडाउन’ या लेखनपद्धतीचा विचार करण्यासारखा आहे. तिच्यासाठी साधन कोणते निवडावे आणि ते कोणत्या कसोटीवर पारखावे, याची माहिती पुढे दिली आहे.

मार्कडाउन म्हणजे काय ?

मार्कडाउन ही जॉन ग्रुबर यांनी ॲरन स्वार्ट्झ यांच्या साहाय्याने २००४ मध्ये तयार केलेली लेखनपद्धती होय. साध्या मजकुरातच काही थोडी चिन्हे वापरून शीर्षक, यादी, ठळक शब्द इत्यादींचा निर्देश करावयाचा, हे तिचे तत्त्व. उदाहरणार्थ :

    # ग्रामसभा : विषय व निर्णय
    ## नळपाणीपुरवठा
    - विहिरीतील गाळ उन्हाळ्यापूर्वी काढावा
    - जलवाहिनीची गळती शोधावी

    निर्णय : पुढील बैठकीत अंदाजपत्रक सादर करावे.

एक ‘#’ म्हणजे मुख्य शीर्षक, दोन म्हणजे उपशीर्षक. आडवी रेघ म्हणजे यादीतील मुद्दा. दुहेरी तारकांमधील मजकूर ठळक. ही चिन्हे ठाऊक नसलेल्या माणसालाही वरील टिपण वाचता येते, हे या पद्धतीचे मोठे बलस्थान आहे. संगणकाला हीच चिन्हे कळतात आणि तो या मजकुराचे रूपांतर संकेतस्थळाच्या पानात करू शकतो. पुढे निरनिराळ्या ठिकाणी या पद्धतीचे निरनिराळे अर्थ लावले जाऊ लागल्याने २०१४ मध्ये ‘कॉमनमार्क’ या नावाने तिचे काटेकोर नियम मांडण्यात आले.

अशी फाइल लिहिण्यासाठी जी संगणकप्रणाली वापरली जाते, तिला एडिटर म्हणतात. असे एडिटर आज अनेक आहेत आणि नेमका तेथेच नवशिक्याचा गोंधळ उडतो.

आधी फाइल, मग साधन

एडिटर निवडताना बहुतेकांचे लक्ष त्याच्या रूपाकडे व सोयींकडे जाते. परंतु पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे, की उद्या हे साधन बंद पडले तर लिहिलेला मजकूर कोठे असेल व तो कशाने वाचता येईल ?

हा प्रश्न काल्पनिक नाही. ‘ॲटम’ नावाचा एक लोकप्रिय एडिटर त्याच्या निर्मात्या संस्थेने १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद केला. त्यात लिहिणाऱ्यांच्या फाइली मात्र त्यांच्याच संगणकावर साध्या मजकुराच्या स्वरूपात होत्या; त्यांनी त्या दुसऱ्या एडिटरमध्ये उघडल्या आणि काम पुढे चालू ठेवले. याउलट ‘एव्हरनोट’ या टिपणसेवेने डिसेंबर २०२३ मध्ये विनामूल्य वापरावर ५० टिपणांची मर्यादा घातली. तेथील टिपणे त्या सेवेच्या स्वतःच्या स्वरूपात साठवलेली असल्याने ती बाहेर काढून दुसरीकडे नेणे हे एक स्वतंत्र कामच होऊन बसते.

साधने येतात आणि जातात. फाइल आपल्या ताब्यात व साध्या मजकुराची असेल, तर साधन बदलणे ही लेखणी बदलण्याइतकी सोपी गोष्ट ठरते. यास्तव निवडीची पहिली कसोटी हीच मानावी.

मराठी मजकुराच्या पाच कसोट्या

बहुतेक एडिटर इंग्रजी लेखन डोळ्यांपुढे ठेवून तयार झाले आहेत. मराठीत काम करणाऱ्यांनी पुढील पाच बाबी स्वतः तपासून घ्याव्यात.

पहिली बाब युनिकोडची. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये फॉन्ट साठवला जात नाही, केवळ अक्षरांचे संकेत साठवले जातात. ‘कृतिदेव’सारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेल्या मजकुराचे संकेत वस्तुतः रोमन अक्षरांचे असतात, त्यामुळे तो मजकूर मार्कडाउन फाइलमध्ये आणताच निरर्थक दिसू लागतो. असा मजकूर प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. फाइल जतन करताना यूटीएफ-८ हा प्रकार निवडावा. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे १०,००० चिन्हांचे दीर्घ टिपणही सुमारे ३० किलोबाइटमध्ये मावते.

दुसरी बाब शोधाची. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर संगणकावर दोन प्रकारे लिहिले जाते. एका प्रकारात नुक्तायुक्त ‘ऱ’ वापरतात, तर दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण एका प्रकारे शोध घेतला असता दुसऱ्या प्रकारे लिहिलेला शब्द सापडेलच असे नाही. कार्यालयात सर्वांनी एकच कळफलक वापरणे, हा यावरील सोपा उपाय होय.

तिसरी बाब कळफलकाची. प्रचलित इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘#’ च्या जागी रकाराचे चिन्ह उमटते आणि ‘*’ च्या जागी ‘श्र’. त्यामुळे ही चिन्हे देण्यासाठी क्षणभर इंग्रजी कळफलकावर जावे लागते. शीर्षक अथवा ठळक अक्षरे एका बटणाने देता येतील असा एडिटर असल्यास हा त्रास वाचतो. आडवी रेघ मात्र मराठी कळफलकावरूनच मिळते.

चौथी बाब अंकांची. कॉमनमार्कच्या नियमानुसार क्रमांकित यादीसाठी इंग्रजी अंकच ग्राह्य आहेत. देवनागरी ‘१.’, ‘२.’ असे लिहून एकाखाली एक मुद्दे मांडले, तर प्रकाशित होताना ते सर्व एकाच परिच्छेदात सलग होतात. उपस्थित सदस्यांची नावे किंवा ठराव लिहिताना ही चूक हमखास घडते. देवनागरी क्रमांक हवे असल्यास प्रत्येक मुद्द्यानंतर एक ओळ रिकामी सोडावी.

पाचवी बाब विभक्तिप्रत्ययांची. तिरप्या अक्षरांसाठी तारका किंवा अधोरेषा, दोन्ही चालतात. परंतु मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून येतो आणि शब्दाच्या मध्येच आलेली अधोरेषा चिन्ह म्हणून ओळखली जात नाही. ‘*ग्रामगीता*तील’ असे तारका वापरून लिहिल्यास अपेक्षित परिणाम मिळतो. ‘_ग्रामगीता_तील’ असे लिहिल्यास अधोरेषा जशाच्या तशा छापल्या जातात. म्हणून मराठीत सर्वत्र तारकाच वापराव्यात.

उपलब्ध साधने

सर्वच एडिटरांची यादी देणे येथे शक्य नाही व आवश्यकही नाही. निरनिराळ्या गरजांचे प्रतिनिधित्व करणारी काही साधने पाहणे पुरेसे होईल.

‘ऑब्सिडियन’ हा एडिटर संगणकावरील एका साध्या फोल्डरमध्ये मार्कडाउन फाइली ठेवतो आणि त्या एकमेकींना जोडण्याची उत्तम सोय देतो. एका वाडीच्या रस्त्याचा विषय कोणकोणत्या बैठकांत आला होता, हे अशा जोडण्यांवरून चटकन कळते. तो मोबाइलवरही चालतो. त्याचा मूळ संकेत खुला नाही. तसेच जोडणीसाठी तो दुहेरी चौकोनी कंसांची पद्धत वापरतो. ती मूळ मार्कडाउनमध्ये नसल्याने अन्यत्र प्रकाशन करताना अशा जोडण्या तुटू शकतात. मान्य पद्धतीच्या जोडण्या वापरण्याचा पर्याय त्यात असून तो आरंभीच निवडावा.

‘जॉप्लिन’ हे मुक्त संगणकसाधन आहे. संगणक व मोबाइल यांच्यातील टिपणे सांकेतिक कुलूप लावून एकसारखी ठेवण्याची सोय त्यात आहे. मात्र ते टिपणे स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवते. त्यामुळे ठरावीक काळाने सर्व टिपणे मार्कडाउन फाइलींच्या रूपात निर्यात करून ठेवण्याची शिस्त पाळावी लागते.

‘टायपोरा’ मध्ये चिन्हे लिहिताच अंतिम रूप त्याच जागी दिसते, त्यामुळे नवशिक्याला तो सुलभ वाटतो. नोव्हेंबर २०२१ पासून तो किंमत देऊन घ्यावा लागतो. ‘झेटलर’ हा मुक्त एडिटर तळटिपा व संदर्भ देऊन लिहिणाऱ्या शिक्षकांना व अभ्यासकांना सोयीचा आहे. ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ मूलतः संगणक-कार्यक्रम लिहिणाऱ्यांसाठी असला, तरी त्यात एका बाजूस मजकूर व दुसऱ्या बाजूस त्याचे प्रकाशित रूप पाहता येते. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यास तो उपयोगी पडेल.

प्रकाशनाची वाट

मार्कडाउनचा खरा लाभ लेखनानंतर दिसतो. जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ पासून विकसित केलेली ‘पॅन्डॉक’ ही विनामूल्य प्रणाली एकाच मार्कडाउन फाइलपासून वर्डची फाइल, संकेतस्थळाचे पान किंवा ई-पुस्तक तयार करून देते. वर्डची प्रत सूचनाफलकासाठी छापावी आणि संकेतस्थळाचे पान त्याच मजकुरातून निघावे, म्हणजे दोहोंत तफावत राहत नाही. संपूर्ण संकेतस्थळच मार्कडाउन फाइलींच्या फोल्डरमधून उभारावयाचे असल्यास ‘जेकिल’ (२००८) व ‘ह्यूगो’ (२०१३) यांसारख्या प्रणाली आहेत. त्या आधीच तयार केलेली स्थिर पाने देत असल्यामुळे अशी पाने साध्या सर्व्हरवरून व मंद जोडणीवरही लवकर उघडतात.

मर्यादा आणि दक्षता

प्रत्येक कामाला मार्कडाउन योग्य नाही. मूळ पद्धतीत तक्त्यांची सोय नव्हती. पुढे ती जोडण्यात आली, तरी जमाखर्चाचे रकाने सांभाळण्यास ती अपुरीच आहे. हिशेब हिशेबाच्या तक्त्यातच ठेवावेत. विहित नमुन्यातील इतिवृत्त-नोंदवही, स्वाक्षऱ्या व शिक्के यांची जागाही असे टिपण घेऊ शकत नाही. कायदेशीर अभिलेख तोच राहील. मार्कडाउन फाइल ही त्याची पूर्वतयारी आणि प्रसिद्धीची प्रत होय.

लाभार्थ्यांचे आधार क्रमांक, आजारपणाचा तपशील, विद्यार्थ्यांची खासगी माहिती यांसारख्या बाबी बाहेरच्या सेवेवर साठवल्या जाणाऱ्या टिपणांत लिहू नयेत. कार्यालयीन संगणकावर नवे साधन बसवण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची अनुमती घ्यावी. प्रत्येक फोल्डरच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साठवणुकीवर असाव्यात आणि त्यांतील एक अन्य ठिकाणी ठेवलेली असावी.

निवड कशी करावी ?

जाहिरात अथवा दुसऱ्याची शिफारस यांवर विसंबण्यापेक्षा पंधरा दिवसांची चाचणी अधिक विश्वसनीय ठरते. झालेल्या एखाद्या बैठकीचे खरे टिपण घ्यावे आणि ते दोन एडिटरांत लिहून पाहावे. त्यात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधावा, देवनागरी क्रमांकांची यादी करावी, प्रत्यय जोडलेला शब्द तिरपा करावा व त्याची छापील प्रत काढावी. शेवटी तो एडिटर बंद करून तीच फाइल संगणकातील अगदी साध्या नोटपॅडमध्ये उघडावी. मजकूर जसाच्या तसा वाचता आला, तर साधन पात्र समजावे. या शेवटच्या परीक्षेत जे उतरत नाही, ते इतर बाबतींत कितीही सोयीचे असले तरी कायमच्या नोंदींसाठी स्वीकारू नये.

निवड झाल्यावर फाइलींची नावे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने देण्याचा नियम ठरवावा, म्हणजे त्या आपोआप कालानुक्रमे लागतात. लेखनिक बदलला, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली झाली, शिक्षक निवृत्त झाले, तरी मागे राहिलेला फोल्डर नव्या माणसाला विनासायास वाचता आला पाहिजे. नागरिकाने दहा वर्षांपूर्वीच्या ठरावाची विचारणा केल्यावर तो काही मिनिटांत त्याच्या हाती देता येणे, हेच चांगल्या नोंदीचे गमक होय. एडिटरची निवड याच हेतूने व्हावी.