असीरगडाच्या डोल्या

अमीर हमजाची दास्तान तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ऐकली असेल. त्या दास्तानीत अमर अय्यार आहे. त्याच्याजवळ एक झंबील, म्हणजे थैली, असते. साऱ्या जगातल्या वस्तू तिच्यात मावतात. तो वेष बदलतो, शत्रूच्या छावणीत शिरतो, पहारेकऱ्यांना बेशुद्ध करतो आणि हसत हसत परत येतो. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून 'तिलिस्मे होशरुबा'चे जाडजूड खंड छापले. त्यांत अशा युक्त्या पानोपानी आहेत. मराठीतही हातिमताई आणि गुलबकावली यांच्या गोष्टी आवडीने वाचल्या गेल्या. १८७१ साली रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' ही कादंबरी पुस्तकरूपाने आली, तेव्हा मराठी वाचकाला शिवकालातला किल्ला मिळाला आणि त्याच्याभोवती रचलेली साहसकथाही मिळाली.

अय्याराची युक्ती वाचताना आपण टाळ्या वाजवतो. ज्याला फसवले त्याचे पुढे काय झाले, हे आपण विचारत नाही. आता आपल्या खानदेशातील एक गोष्ट ऐका.

धुळ्याहून मुंबईच्या रस्त्याला लागले की जवळच लळिंगचा किल्ला दिसतो. इ. स. १३९९ मध्ये खानदेशचा फारुकी राजा मलिक राजा मरण पावला. त्याच्या धाकट्या मुलाला तापीकाठचे थाळनेर मिळाले आणि थोरल्या नसीरखानाला लळिंग मिळाले. नसीरखानाची नजर मात्र दूर सातपुड्यातील असीरगडावर होती. आज हा गड मध्य प्रदेशात, बऱ्हाणपूरच्या उत्तरेला आहे.

गडावर आसा अहीर नावाचा श्रीमंत पशुपालक राहत असे. गुरे, म्हशी, मेंढ्या आणि धान्याची कोठारे, कशालाच कमतरता नव्हती. दुष्काळ पडला तेव्हा त्याच्या बायकोच्या सांगण्यावरून त्याने कोठारे उघडली आणि लोकांना जगवले, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. हा फरिश्ता विजापूरच्या दरबारी होता. त्याने ही हकीकत सुमारे दोनशे वर्षांनंतर फारशीत लिहिली.

नसीरखानाने आसाला निरोप पाठवला, "शेजारचे राजे माझ्यावर उठले आहेत. लळिंग शत्रूच्या फार जवळ आहे. माझ्या घरच्या बायकामाणसांना तुमच्या गडावर आसरा द्या." आसाने आनंदाने होकार दिला आणि राहण्याची जागा तयार करवली. पहिल्या दिवशी काही डोल्या आल्या. त्यांत खरोखरच स्त्रिया होत्या. आसाच्या घरच्या स्त्रियांनी त्यांची भेट घेतली. आता संशयाला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी दोनशे डोल्या गड चढून आल्या. पाहुण्यांच्या स्वागतासाठी आसा आपल्या मुलांसह पुढे आला. पडदे बाजूला झाले आणि आतून हत्यारबंद शिपाई बाहेर पडले. आसा व त्याची मुले जागच्या जागी मारली गेली. अभेद्य म्हणून नावाजलेला गड एका दिवसात फारुकींचा झाला.

युक्ती अमर अय्याराला शोभेल अशीच आहे. वेष आहे, पडदा आहे, बंद दरवाजा आहे. तरीही येथे टाळी वाजवायला हात उठत नाही. उर्दूत 'नमक हलाल' म्हणतात, मराठीत 'खाल्ल्या मिठाला जागणे' म्हणतात. ज्याने दार उघडले त्याच्याच घरात घात झाला. दास्तानीतला जादूगार लबाड असतो, म्हणून त्याची फजिती आपल्याला आवडते. आसा तसा नव्हता. मला तर वाटते की फरिश्त्याने दुष्काळाची हकीकत आधी सांगितली, तेथेच ही कथा बदलली. ती नसती तर डोल्यांची ही एक गमतीदार गोष्ट उरली असती.

गडाची दुसरी गोष्ट रहस्यकथेसारखी आहे. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबर बादशहाच्या हाती आला. पण तो कसा पडला? दरबारी इतिहासकार म्हणतात की गडावर रोगराई पसरली. जेझुइट पाद्र्यांची हकीकत वेगळी आहे. त्यांच्या मते बहादूरखान फारुकीला बोलणी करण्यासाठी खाली बोलावून अडकवले गेले आणि गडावरच्या सरदारांना सोने देऊन फितवले गेले. दोन साक्षीदार आणि दोन जबान्या! प्रत्येकाला आपली बाजू आहे. दरबारी लेखक बादशहाला कमीपणा येईल असे लिहिणार नाही. पाद्रीही कोणाकडून तरी ऐकूनच लिहितात. पुढे शहजादा दानियाल याच्या नावावरून खानदेशाला काही काळ 'दानदेश' म्हणत, पण ते नाव लोकांच्या तोंडी टिकले नाही.

समजा, डोल्यांची कथा तुम्हाला लिहायची आहे. बहुतेक जण नसीरखानापासून सुरुवात करतील. मी भोयापासून, म्हणजे डोली वाहणाऱ्यापासून, करीन. त्याने आदल्या दिवशी एक डोली गडावर पोहोचवली आहे. आज तो पुन्हा दांडी खांद्यावर घेतो. पडदा तसाच आहे. आतून बांगड्यांचा आवाज मात्र येत नाही, आणि वजन कालच्यापेक्षा जास्त आहे. वर दरवाजात आसा हात जोडून उभा आहे. भोई मान वर करून त्याच्याकडे पाहतो. अजून पन्नास पावले चढायची आहेत. या पन्नास पावलांत काय घडते, ते तुम्ही तुमच्या शब्दांत लिहा.