सांत्वनाआधी नोंद: धर्मगुरूविरुद्ध दाद मागणाऱ्यांसाठी अनुभवाचे बोल

धर्मगुरूने बालपणी केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल मोठेपणी दाद मागू पाहणाऱ्या व्यक्तीची सर्वांत मोठी अडचण चर्चमधील मायाळू स्वागतातून निर्माण होते, कारण तेथे दुखावलेला श्रद्धावंत म्हणून तिचे सर्व काही ऐकून घेतले जाते आणि तक्रारदार म्हणून तिचे नाव मात्र कोठेही लिहिले जात नाही. प्रस्तुत विवेचन महाराष्ट्रातील ज्या प्रकरणावर आधारलेले आहे ते खुद्द लेखकाचेच असून पुढे त्याचा निर्देश ‘तक्रारदार’ असा केला आहे. संबंधित धर्मप्रांताचे, म्हणजे एका बिशपाच्या अधिकाराखालील धर्मग्रामांच्या समूहाचे, आणि तेथील व्यक्तींचे नाव फौजदारी प्रकरण प्रलंबित असल्याने दिलेले नाही.

तक्रारदार शाळकरी वयात वेदीसेवक होता, म्हणजे मिस्सेच्या वेळी धर्मगुरूला साहाय्य करणाऱ्या मुलांपैकी एक. काय घडले त्याचे वर्णन पोलिसांना दिलेल्या जबाबात आहे आणि त्याची येथे पुनरुक्ती करण्याचे कारण नाही. ‘इतकी वर्षे गप्प का बसलात?’ हा प्रश्न मात्र त्याला बिशप भवनात, पोलिस ठाण्यात आणि सख्ख्या नातलगांच्या ओसरीवरही विचारला गेला, म्हणून त्याचे उत्तर प्रथम नोंदवणे आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियातील शाही चौकशी आयोगाने २०१३ ते २०१७ या काळात संस्थांमधील बाललैंगिक अत्याचाराचा तपास केला, तेव्हा कॅथलिक संस्थांविरुद्धच्या दाव्यांमध्ये अत्याचाराची घटना आणि दावा दाखल होणे यांत सरासरी ३३ वर्षांचे अंतर आढळले. विलंब हा अशा तक्रारींचा सर्वसाधारण स्वभाव आहे, आणि जो अधिकारी त्याला संशयाचे कारण मानतो त्याच्यापुढे हा आकडा कागदावर ठेवावा.

तक्रारदाराची भेट ज्या विकार जनरलांशी, म्हणजे बिशपाच्या वतीने धर्मप्रांताचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठ धर्मगुरूंशी झाली, त्यांचे वर्तन तपशिलाने सांगण्याजोगे आहे, कारण तशाच वर्तनाचा अनुभव इतरांनाही येण्याचा संभव आहे. त्यांनी सर्व हकिकत डोळे मिटून ऐकली, तक्रारदाराच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, समुपदेशनाचा खर्च धर्मप्रांत करील असे सांगितले, आणि ‘बिशपस्वामींच्या कानावर घालतो, तुम्ही आता निश्चिंत राहा’ असे म्हणून फाटकापर्यंत सोडायला आले; मात्र त्या संपूर्ण भेटीत त्यांनी एक ओळही लिहून घेतली नाही. पुढे कित्येक महिने दूरध्वनीवर ‘चौकशी सुरू आहे’ एवढेच उत्तर मिळत राहिले. अखेर तक्रारदाराने पत्र पाठवून चौकशीचा आदेश कोणत्या तारखेचा आहे आणि चौकशी अधिकारी कोण आहेत असे विचारले, तेव्हा लेखी उत्तर आले की त्या दिवशी झालेली भेट आध्यात्मिक स्वरूपाची होती, तिच्या अनुषंगाने प्रार्थना सुरू आहेत, आणि औपचारिक तक्रार प्राप्त झाल्यास योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. ज्या माणसाने आयुष्यात प्रथमच एका परक्यासमोर ते सर्व उच्चारले होते, त्याला ते उच्चारणे कोठेही पोचले नव्हते हे त्या तीन-चार ओळींतून समजले. आणि ज्या काळात ‘चौकशी सुरू’ होती त्याच काळात आरोपी धर्मगुरू धर्मग्रामाच्या महोत्सवात शाल-श्रीफळ स्वीकारत होते.

या उत्तराचा राग तक्रारदाराच्या मनातून अद्याप गेलेला नाही आणि तो जाण्याचे कारणही नाही, कारण ते उत्तर चर्चच्या स्वतःच्या कायद्याला धरून नव्हते. १९८३ च्या धर्मसंहितेतील, म्हणजे कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्यातील, कलम १७१७ नुसार अपराधाची निदान सत्यासारखी वाटणारी माहिती बिशपाला मिळाली की त्याने प्राथमिक चौकशी करणे किंवा करवणे बंधनकारक आहे. ती माहिती ठरावीक नमुन्यात यावी अशी अट त्या कलमात नाही. रोममधील ज्या विभागाकडे अल्पवयीनांवरील अत्याचाराची प्रकरणे २००१ पासून राखून ठेवलेली आहेत, त्या श्रद्धासिद्धान्त विभागाने जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतही अशी माहिती कोणत्याही मार्गाने येऊ शकते आणि औपचारिक तक्रारीची गरज नाही हे स्पष्ट केले आहे. ‘औपचारिक तक्रार आलेली नाही’ हे वाक्य ऐकावे लागलेल्या प्रत्येकाने या दोन्ही आधारांचा उल्लेख करून लेखी उत्तर द्यावे; तक्रारदाराने ते दिल्यानंतरच चौकशी अधिकाऱ्याची नेमणूक झाली, त्यापूर्वी नाही.

चर्चअंतर्गत प्रक्रियेकडून किती अपेक्षा ठेवावी हेही आधीच जाणून घेणे हिताचे आहे. तिच्यात तक्रार करणारा पक्षकार नसतो, तो साक्षीदार असतो, त्यामुळे कागदपत्रे पाहण्याचा किंवा निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा हक्क त्याला पक्षकाराप्रमाणे मिळत नाही. तेथील मुदत पीडिताच्या अठराव्या वाढदिवसापासून वीस वर्षे अशी २०१० मध्ये वाढवण्यात आली. ती उलटली असली तरी विशिष्ट प्रकरणात ती शिथिल करण्याचा अधिकार रोमकडे आहे, म्हणून ‘मुदत संपली’ असे स्थानिक पातळीवर सांगितले गेल्यास प्रकरण रोमकडे पाठवून शिथिलतेची मागणी करावी असे पत्र द्यावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आणि २०२३ मध्ये कायम केलेल्या नियमावलीने तक्रार करणाऱ्यावर मौनाचे बंधन घालण्यास मनाई केली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये अशा प्रकरणांवरील ‘पाँटिफिकल सीक्रेट’ नावाची विशेष गुप्तताही उठवण्यात आली. तरीही तक्रारदाराला चौकशीच्या वेळी ‘बाहेर बोलू नका, प्रकरण बिघडेल’ असे सांगण्यात आले, आणि आरोपीवर निर्बंध घातल्याची बातमी त्याला अधिकृतपणे कधीच कळवण्यात आली नाही, ती गावातून कळली. आयर्लंडच्या मेरी कॉलिन्स या स्वतः बालपणी धर्मगुरूकडून अत्याचार सोसलेल्या बाई पोपने नेमलेल्या बालसंरक्षण आयोगाच्या सदस्य होत्या. पीडितांच्या पत्रांना उत्तरे देण्याचीदेखील व्हॅटिकनच्या एका विभागाची तयारी नाही हे पाहून त्यांनी २०१७ मध्ये राजीनामा दिला. आयोगावर बसलेल्या व्यक्तीची ही अवस्था असेल, तर गावातील एका सामान्य श्रद्धावंताने केवळ चर्चच्या न्यायावर विसंबून राहावे असे कोणी सुचवू नये.

म्हणून देशाचा कायदा हाच मुख्य आधार होय. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला आणि तो त्यापूर्वीच्या घटनांना लागू होत नाही. जुन्या घटनांसाठी भारतीय दंड संहितेची तत्कालीन कलमेच लावावी लागतात, आणि भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून आली असली तरी तिच्या आधीच्या अपराधांवर जुन्याच संहितेनुसार खटला चालतो. येथे एक भेद कळीचा आहे: ज्या अपराधाला तीन वर्षांहून अधिक शिक्षा आहे त्याला फौजदारी प्रक्रियेत मुदतीची आडकाठी नाही, त्यामुळे जुन्या संहितेतील बलात्काराचे कलम ३७६ किंवा मुलांच्या बाबतीत लावले जाणारे कलम ३७७ दशकांनंतरही लावता येते, तर २०१३ पूर्वीचे विनयभंगाचे कलम ३५४ कमाल दोन वर्षांच्या शिक्षेचे असल्याने तीन वर्षांतच मुदतबाह्य होत असे. ठाणे अंमलदाराने ‘एवढे जुने प्रकरण घेता येत नाही’ असे म्हटल्यास हा भेद वकिलाकडून लिहून घेतलेला कागद पुढे करावा. तरीही नोंद न झाल्यास पोलिस अधीक्षकांकडे लेखी अर्ज आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद असा कायद्याने दिलेला क्रम आहे.

पुराव्याबाबत लोक विनाकारण हताश होतात. आरोपी धर्मगुरू अमुक वर्षी अमुक धर्मग्रामात होते हे सिद्ध करणे हा पहिला टप्पा असतो, आणि त्यासाठी चर्चच्या रौप्य वा सुवर्णमहोत्सवी स्मरणिका फार उपयोगी पडतात, कारण त्यांत आजवरच्या धर्मगुरूंची नावे व वर्षे छापलेली असतात. धर्मप्रांताच्या जुन्या निर्देशिका, प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वेळची सामुदायिक छायाचित्रे आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवरून स्वतःचे त्या वेळचे वय व वास्तव्य दाखवता येते. ही सामग्री तक्रार देण्यापूर्वीच जमवावी, कारण तक्रारीची वार्ता पसरल्यावर चर्चच्या कचेरीतील कपाटे सहज उघडत नाहीत.

कोणतीही हकिकत कॉन्फेशनमध्ये, म्हणजे पापनिवेदनाच्या संस्कारात, सांगून तक्रार केली असे समजू नये; तेथे ऐकलेले उघड करण्यास धर्मगुरूला पूर्ण बंदी असल्याने ती माहिती कारवाईच्या उपयोगाची राहत नाही, आणि एका वयस्क धर्मगुरूंनी तक्रारदाराला ‘आधी कॉन्फेशनला या, मग बोलू’ असे सुचवले होते हे येथे नमूद केलेच पाहिजे. प्रत्येक पत्राची पोच घ्यावी, प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी झालेल्या बोलण्याचा गोषवारा पाठवावा, आणि समुपदेशनाचा खर्च स्वीकारायचा असल्यास ‘सर्व कायदेशीर हक्क अबाधित ठेवून’ असे लिहूनच स्वीकारावा. गुप्ततेची किंवा तक्रार मागे घेण्याची अट असलेल्या कागदावर सही करू नये. भेटीला एकट्याने जाऊ नये. झोप, आहार आणि प्रकृती यांकडे लक्ष द्यावे, विश्वासातील एका तरी माणसाला सर्व सांगून ठेवावे, आणि मनोविकारतज्ज्ञाची मदत घेण्यात कमीपणा मानू नये.

समाजाच्या वागण्याची तयारी मात्र कोणत्याही कागदाने होत नाही. ‘फादर आता थकलेत, त्यांचे दिवस किती उरलेत’, ‘त्यांनीच तुझ्या बहिणीचे लग्न लावले’, ‘आपण मूठभर लोक, आधीच आपल्याकडे वाकड्या नजरेने पाहिले जाते, त्यात घरच्यानेच बोट दाखवायचे का’ ही वाक्ये तक्रारदाराने अशा माणसांकडून ऐकली ज्यांनी त्याच्या बालपणाबद्दल एकदाही विचारपूस केली नाही. अल्पसंख्य समाजाची भीती खरी आहे आणि तिची टवाळी करता येत नाही. परंतु बॉस्टनमध्ये २००२ साली उघड झालेल्या प्रकरणांपासून जगभर हेच दिसले आहे की धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवून जे झाकले गेले त्यानेच चर्चची सर्वाधिक नाचक्की केली. समाजाची अब्रू राखण्याचे ओझे एका मुलाच्या खांद्यावर टाकणाऱ्यांनी ते आरोपीच्या खांद्यावर का टाकले नाही, या प्रश्नाचे उत्तर तक्रारदाराला अजून कोणी दिलेले नाही.

ज्यांची मुले आज वेदीसेवक आहेत त्या पालकांना मात्र तक्रारदाराच्या पिढीला नसलेले साधन उपलब्ध आहे. पॉक्सोच्या कलम १९ नुसार अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना देण्याचे बंधन आहे, आणि कलम २१ नुसार आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. अपवाद म्हणून धर्मसंस्थेचा तेथे उल्लेख नाही. मुंबईतील विशेष न्यायालयाने २०१५ मधील अत्याचाराबद्दल एका कॅथलिक धर्मगुरूला डिसेंबर २०२१ मध्ये जन्मठेप सुनावली, यावरून हा मार्ग केवळ कागदावरचा नाही हे दिसते. अशा वेळी बिशप भवनात जाण्यापूर्वी पोलिस ठाण्यात जावे, प्रथम खबरीची विनामूल्य प्रत हाती घ्यावी, आणि त्यानंतरच त्या प्रतीसह धर्मप्रांताला लेखी कळवून आरोपीला मुलांपासून तत्काळ दूर करण्याची मागणी करावी. प्रार्थना, सांत्वन आणि क्षमेची भाषा यांना श्रद्धावंताच्या जीवनात मोठे स्थान आहे, परंतु ती मागण्याचा क्रम पीडिताने ठरवायचा असतो. नोंद होण्याआधी जो क्षमेचा विषय काढतो त्याच्याशी पुढील बोलणे वकिलाच्या उपस्थितीतच करावे.