फोल्डर आपलंच, तरी ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ का येतं?

व्हिडिओत स्क्रीनवर जे भराभर दाखवलं, ते इथे सावकाश लिहितोय. कॉम्प्युटर समोर ठेवूनच वाचा.

मे महिन्याची दहा तारीख, संध्याकाळची वेळ. एक ताई माझ्या रत्नागिरीच्या दुकानात आल्या. घरून आंबापोळी, कोकम आगळ, काजूगर विकतात. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि त्यांचा पीसी बंद पडला. मुलाने नवीन पीसी आणून जुनी हार्ड डिस्क त्याला जोडून दिली. डिस्क दिसते, ‘यूजर्स’मध्ये त्यांच्या नावाचं फोल्डरही दिसतं, पण क्लिक केलं की परवानगी नसल्याचा मेसेज येतो. वर्षभराची सगळी बिलं त्याच फोल्डरमध्ये. दुसऱ्या दिवशी अकरा तारीख, म्हणजे एप्रिलचं जीएसटीआर-१ भरायची शेवटची मुदत. त्यात ओळखीतल्या कुणीतरी सांगितलेलं, “डेटा करप्ट झालाय, डिस्क फॉरमॅट करा.”

मी पहिलं विचारलं, “ताई, फॉरमॅट केलं नाहीत ना?” नव्हतं केलं. वाचलो.

हा मेसेज आला म्हणजे डेटा गेला असं नाही. विंडोज फक्त म्हणतंय, तुम्ही कोण ते मी ओळखत नाही. ताईंचा प्रश्न रास्त होता: “अहो, मी तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे, आणि नावही तेच ठेवलंय!”

हे समजायला आपला सातबारा आठवा. एका वाडीत एकाच नावाची दोन माणसं असतात. नाव सारखं म्हणून एकाची कलमं दुसऱ्याची होत नाहीत. विंडोजही नाव बघत नाही. प्रत्येक खातं तयार होताना त्याला एक लांबलचक नंबर मिळतो, त्याला एसआयडी म्हणतात. फोल्डरवर नोंद असते ती या नंबरची. नवीन पीसीवर तुम्ही त्याच नावाचं, अगदी त्याच पासवर्डचं खातं काढलंत तरी नंबर नवा. जुन्या फोल्डरच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये बघा, ‘अकाउंट अननोन’ असं लिहून पुढे एस-१-५-२१ ने सुरू होणारा नंबर दिसेल. ते तुम्हीच आहात, फक्त जुने.

आता अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं. सरपंच बाजारात मासळी घ्यायला गेला की तो गिऱ्हाईकच. शिक्का काढून सही केली की सरपंच. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून असंच चालतं. अ‍ॅडमिन खातंसुद्धा रोजची कामं साध्या अधिकाराने करतं. स्क्रीन काळवंडून ‘येस की नो’ विचारलं जातं तेव्हाच शिक्का बाहेर येतो. कटकट वाटते म्हणून ते विचारणं बंद करू नका. एखादा व्हायरस तुमच्या नावाने शिक्का मारायला आला, तर अडवणारं तेवढंच एक असतं.

तर उपाय. फोल्डरवर डबल क्लिक केल्यावर मेसेजमध्ये ‘कंटिन्यू’ बटण असेल तर ते दाबा. विंडोज तुमच्या आताच्या खात्याला त्या फोल्डरच्या यादीत घालतं. फायली जास्त असतील तर वेळ लागतो, मध्येच बंद करू नका. ताईंचं काम इथेच झालं.

नाही झालं, तर फेरफार करावा लागतो. फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’. वर ‘ओनर’ दिसेल, त्याच्यापुढे ‘चेंज’. आपल्या खात्याचं नाव टाइप करा, ‘चेक नेम्स’ दाबा, ओके. मग ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’वर टिक करा, नाहीतर बाहेरचं फोल्डर तुमचं आणि आतली फोल्डरं जुन्या मालकाची राहतात. सगळ्या खिडक्या बंद करून परत उघडा आणि ‘अ‍ॅड’मधून स्वतःला ‘फुल कंट्रोल’ द्या. मालकी आणि परवानगी या दोन वेगळ्या नोंदी आहेत. मालक झालात म्हणून वापर आपोआप मिळतोच असं नाही. कोकणात सामाईक सातबारा असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको!

हे फक्त आपल्या फोल्डरला करायचं. ‘विंडोज’ किंवा ‘प्रोग्रॅम फाइल्स’ची मालकी घ्यायला जाऊ नका, सिस्टीम बिघडेल. आणि ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देण्याचा शॉर्टकट तर नकोच. तसं केलंत तर त्या पीसीवर बसणारा कुणीही बिलं उडवू शकतो. जीएसटीत हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, हे लक्षात असू द्या.

डिस्कवर कुलूप दिसून ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली, तर प्रकरण वेगळं. ते एन्क्रिप्शन आहे, तिथे फेरफार चालत नाही. आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की सेव्ह आहे का ते बघा.

कधीकधी फोल्डर उघडतं, पण बिलिंगचं सॉफ्टवेअर त्यात सेव्ह करू शकत नाही. तेव्हा ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ बघा. तिथलं ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू असेल, तर आपल्या सॉफ्टवेअरला तिथूनच परवानगी द्या. सगळं संरक्षण बंद करायची गरज नाही.

ताईंची बिलं नवीन डिस्कवर कॉपी केली, एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. मग मुलासाठी वेगळं स्टँडर्ड खातं काढून दिलं: ‘सेटिंग्ज’, ‘अकाउंट्स’, ‘अदर यूजर्स’. गेम तो तिथे खेळेल, आईच्या फोल्डरमध्ये शिरायचं तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागेल. तो पासवर्ड ताईंनी हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिला. मी म्हटलं, वही तरी कपाटात ठेवा! रिटर्न दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं.